ओट्याखालचे दोन इंच

जर्मनीत पहिल्यांदा घर भाड्याने घेतलं, किल्ली हातात आली, दार उघडलं आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. स्वयंपाकघर नव्हतंच! भिंतीतून डोकावणारे दोन नळ, सांडपाण्याचा एक पाइप आणि शेगडीसाठी एक जाड वायर, बस्स. आधीच्या भाडेकरूने कपाटं, सिंक, वरची फळी सगळं उचलून नेलं होतं, आणि ते इथल्या रीतीला धरूनच होतं. इकडे बरीचशी घरं किचनशिवायच भाड्याने देतात. किचन ज्याचं त्याचं. घर सोडताना घेऊन जा, नाहीतर पुढच्या भाडेकरूला विका. जर्मनीत राहणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही, पण सांगलीला आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, ओटा कसा काय नेला त्यानं?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडचा ओटा घराचा भाग असतो, भिंतीसारखा. उभे कडप्पे रोवायचे, वर ग्रॅनाइट बसवायचा, आणि मग दोन कडप्प्यांमधल्या प्रत्येक खणात ट्रॉल्या बसवायच्या. इथे उलटं आहे. आधी ठरावीक रुंदीची कपाटं, म्हणजे डबेच म्हणा, शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यांवर फळी टाकायची. डबे ३०, ४०, ४५, ६० सेंटिमीटरचे. भट्टी, डिशवॉशर सगळं ६० मध्ये बसणारं. म्हणून एका घरातलं किचन दुसऱ्या घरात नेता येतं. थोडी कापाकापी होते, पण जमतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझं पोट यावरच चालतं. बीलेफेल्ड आणि हेरफोर्डच्या आसपासचा हा भाग जर्मनीत किचन-फर्निचरसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या सुतारांच्या तोंडी असलेलं 'हेटिच'चं बिजागर ज्या कंपनीचं, तिचं मुख्यालय इथल्याच किर्शलेंगर्न गावी. मी ज्या कारखान्यात काम करतो तिथे पंचेचाळीस माणसं आहेत. युरोपच्या व्याख्येप्रमाणे पन्नासच्या आत म्हणजे 'लघु' उद्योग. आणि तिकडे कुपवाड एमआयडीसीत माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, किचन ट्रॉलीचा कारखाना आहे. माणसं नऊ. तो युरोपच्या हिशोबानेही 'सूक्ष्म' आणि आपल्या सरकारच्या हिशोबानेही सूक्ष्मच.

दोन्हीकडे एकच प्रश्न आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं स्वयंपाकघर वेगळं, आवड वेगळी, भिंत वेगळी. त्याला त्याच्या मापाची वस्तू द्यायची, पण किंमत मात्र घाऊक मालाच्या जवळपास ठेवायची. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला मास कस्टमायझेशन म्हणतात. हा शब्द स्टॅन डेव्हिस यांनी १९८७ मध्ये 'फ्युचर परफेक्ट' या पुस्तकात वापरला आणि १९९३ मध्ये जोसेफ पाइन यांनी त्यावर आख्खं पुस्तकच लिहिलं. शब्द मोठा वाटतो, पण कोपऱ्यावरचा पानवाला दुसरं काय करतो? पानं, कात, चुना, सुपारी, बडीशेप, गुलकंद असं सगळं मांडून तयार. तुम्ही समोर उभे राहिल्यावर शेवटच्या अर्ध्या मिनिटात ते पान 'तुमचं' होतं. आधीपासून तुमच्या नावाचं पान लावून ठेवत नाही तो.

मला हे सुचायला मात्र दादाचा एक फोन यावा लागला.

दोन वर्षांपूर्वी त्याला एका बिल्डरची ऑर्डर मिळाली. अठ्ठेचाळीस फ्लॅट, प्रत्येकात ओट्याखाली चार खण, म्हणजे एकशे ब्याण्णव खण. आजवर दादा एकेका घराचं काम करत आला होता. मिस्त्री जाऊन माप घेणार, येऊन स्टेनलेस स्टीलच्या सळया त्या मापाला कापणार, वेल्डर बास्केट जोडणार. एका घराच्या बास्केटा दुसऱ्या घरात चालणार नाहीत. काम सुबक, पण वेळखाऊ. या ऑर्डरला तेवढा वेळ नव्हता. साइटवरच्या सुपरवायझरने ड्रॉइंग दिलं, "सगळे फ्लॅट सेम आहेत, खण बावीस इंचाचा." दादाने एका फ्लॅटमध्ये टेप लावून पाहिली. बावीस! चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडून एकवीस इंची बास्केटचा त्याने धडाका लावला.

बसवायला गेले तेव्हा एकसष्ट खणांत ट्रॉली आत जाईना. कुठे पाव इंचाने अडली, कुठे दोन सुतांनी, कुठे कडप्पा वर बरोबर आणि खाली आत आलेला. "अरे, ड्रॉइंग सेम असतंय, गवंडी सेम नसतोय," दादा फोनवर म्हणाला. हसत नव्हता. प्रत्येक खणात तीन बास्केटा, म्हणजे एकशे त्र्याऐंशी बास्केटा वाया. वेल्ड केलेली बास्केट लहान करता येत नाही, ती तोडून नवीनच करावी लागते. बिल्डरने उशीर झाला म्हणून शेवटचा हप्ता अडवून ठेवला. कारखान्याचं त्या वर्षीचं सगळं त्यात गेलं आणि वहिनींच्या दोन बांगड्याही.

आणि मग दादाने मुख्य गोष्ट विचारली. एक सीएनसी मशीन बघून ठेवलं होतं त्याने. वीस-बावीस लाखांचं, बँक कर्ज द्यायला तयार. "तुमच्याकडं सगळं मशीनवर होतंय. घेऊ का?"

खरं सांगतो, पहिल्यांदा माझ्या तोंडावर "घे" हेच आलं होतं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही एक खोडच असते. इथे जे दिसतं ते तिकडे जसंच्या तसं उचलून न्यायला सांगायचं. पण त्याच आठवड्यात मी आमच्या कारखान्यात जरा डोळे उघडे ठेवून फिरलो.

आमच्याकडे ऑर्डरी एकेकट्या येतात. दोन किचन सारखी अशी कधी निघतच नाहीत. तरी बोर्डाच्या मोठ्या शीटवर सात-आठ घरांचे भाग एकत्र कापले जातात, प्रत्येक तुकड्यावर लगेच स्टिकर लागतो, आणि शेवटी त्या त्या घराचे तुकडे एका रॅकवर गोळा होतात. जर्मन लोक याला 'एकाचा लॉट' म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, ही सगळी मशीनची करामत. मशीन आहेच, नाही कशाला म्हणू. पण तुकडे नीट बघितले तर लक्षात येतं की बदलतं फार थोडं. कपाटाच्या बाजूच्या फळीला भोकं असतात ती एकमेकांपासून बरोबर ३२ मिलिमीटरवर, ५ मिलिमीटर व्यासाची, पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत. बिजागराच्या वाटीचं भोक ३५ मिलिमीटर. हे इथे सगळ्यांचं सारखं. त्यामुळे कोणत्याही कंपनीचं बिजागर, कोणतंही चॅनल, कोणत्याही सुताराच्या कपाटात बसतं. या ३२ च्या आकड्याबद्दल असं सांगतात की एकाच वेळी अनेक भोकं पाडणाऱ्या जुन्या यंत्रात दोन ड्रिल त्यापेक्षा जवळ आणता येत नव्हती. कुणा तरी यंत्राची अडचण पुढे सगळ्या धंद्याचा नियम होऊन बसली.

मग वेगळं काय असतं? समोर दिसणारा दरवाजा, वरची फळी आणि एक पट्टी. या पट्टीची मला फार गंमत वाटते. डबे ठरावीक मापाचे, भिंत मात्र तीन मीटर सात सेंटिमीटरची. तर शेवटच्या डब्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उरलेल्या जागेत दरवाजाच्याच रंगाची एक पट्टी लावतात. ती मात्र भिंतीप्रमाणे कापलेली, वाकड्या भिंतीला वाकडी. आमचे वर्कशॉपचे प्रमुख, जे इथल्या पद्धतीप्रमाणे रीतसर परीक्षा देऊन 'माइस्टर' झालेले सुतार आहेत, त्यांनी मला कामावर आल्यावर पहिल्या आठवड्यात हीच पट्टी दाखवली होती. सगळा वाकडेपणा या एका पट्टीत गोळा करायचा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला ते साधंच वाटलं होतं.

इथवर यायला जर्मन लोकांनाही वेळ लागला. १९२६ मध्ये फ्रँकफर्टला नगरपालिकेच्या घरांसाठी मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या किचनवरून सुचलेलं, तांदूळ, पीठ, साखर यांच्यासाठी नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे खण असलेलं. अशी सुमारे दहा हजार किचन तिथे बसवली गेली. पण ती सगळी एकसारखी. बाई बुटकी असो की उंच, चार माणसांचं घर असो की दोघांचं, किचन तेच. दादाच्या बिल्डर ऑर्डरसारखंच, फक्त तिथे घरंही किचनच्या मापानेच बांधलेली होती म्हणून ती बसली.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण जपानचं. ओसाकाजवळ पॅनासॉनिकच्या सायकली बनवणाऱ्या कंपनीने १९८७ मध्ये मापाप्रमाणे सायकल द्यायला सुरुवात केली. १८ मॉडेल, १९९ रंगसंगती, शिवाय गिऱ्हाइकाच्या हातापायांची मापं. सगळं मिळून १,१२,३१,८६२ प्रकार होऊ शकत, आणि ते काम वीसेक माणसांचं युनिट करायचं. सायकल काही तासांत तयार व्हायची, पण गिऱ्हाइकाला दोन आठवड्यांनी मिळायची. ते मुद्दाम. खास आपल्यासाठी बनतंय म्हटल्यावर वाट पाहण्यातही मजा असते, हे कंपनीला ठाऊक होतं. (आपला शिंपी दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत वाट पाहायला लावतो त्यामागे असंच काही धोरण असेल का, कोण जाणे.)

तर दादाला मी सांगितलं की मशीन थांबव. आधी तुझ्या बास्केटा किती प्रकारच्या आहेत ते मोज. त्याने गेल्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या. एकशे चाळीस-पन्नास वेगवेगळ्या रुंदी निघाल्या. अठरा इंच एक सूत, अठरा इंच तीन सूत, साडेअठरा... बाजारात तयार मिळणाऱ्या बास्केटा मात्र १५, १७, १९ आणि २१ इंचांच्या असतात. दादा त्यांना नाक मुरडायचा, कारण मापात बनवून देणं हाच त्याचा अभिमान होता.

आम्ही ठरवलं की आता फक्त या चारच रुंदी. खण साडेएकवीस इंचाचा असेल तर चॅनलचा एक इंच जाऊन साडेवीस उरतात. त्यात १९ ची बास्केट घालायची आणि उरलेल्या दीड इंचाला बाजूने लाकडी पॅकिंग द्यायचं. पुढचा दरवाजा मात्र खणाच्या खऱ्या मापाचा, सर्वांत शेवटी कापायचा. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला किचन त्याच्या मापाचंच दिसतं, आणि ते असतंही. आतली बास्केट कुणाची आहे हे दरवाजा लागेपर्यंत ठरलेलंच नसतं.

रंगाच्या दुकानात तुम्ही हे बघितलंच असेल. पूर्वी दुकानदार प्रत्येक छटेचे डबे मांडून बसायचा. आता त्याच्याकडे पांढऱ्या बेसचे थोडे डबे आणि एक मशीन असतं. तुम्ही छटा निवडली की तो रंगाचे चार थेंब टाकून डबा हलवून देतो. हजार छटा, पण गोदामात मोजकाच माल. बेनेटन कंपनीने तर स्वेटर आधी न रंगवताच विणून ठेवायचे आणि कुठला रंग खपतोय ते बघून मग रंगवायचे, असं तंत्र काढलं होतं. वेगळेपणा जेवढा उशिरा आणाल तेवढा तो स्वस्त पडतो. बिल्डरच्या त्या एकसष्ट खणांत १९ ची बास्केट आणि पॅकिंग घातलं असतं तर दोन दिवसांत काम उरकलं असतं, हे दादाने स्वतःच कागदावर मांडून बघितलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

फुकट मात्र काहीच नसतं. चार मापं दोन-दोन इंचांच्या अंतरावर, म्हणजे खणात जवळजवळ दोन इंचांपर्यंत जागा वाया जाऊ शकते. चार खण धरले तर कुणाच्या घरी पाच-सहा इंच गेले. आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये पाच-सहा इंच म्हणजे डब्यांची एक रांग. एका काकूंनी दादाला हेच ऐकवलं, "पैसे मी देणार आणि जागा तुमची सोय बघून जाणार?" त्यांचं चुकलं नव्हतं. दादाने त्यांना दोन्ही भाव सांगितले, तयार मापाचा आणि त्यांच्या मापाचा. काकूंनी तयार मापाचं घेतलं, पण सिंकशेजारचा एक खण मापाने करून घेतला. असं करता येतं हे आम्हाला त्यांच्यामुळेच सुचलं. आता दादा प्रत्येक घरात एक खण मापाने करून द्यायची तयारी ठेवतो, जास्त नाही.

वेल्डिंगसाठी चार मापांचे चार जिग बनवले. सळया त्यात ठेवायच्या आणि टाके मारायचे, टेप लावायची गरजच नाही. आठ-नऊ बास्केटा करणारा वेल्डर दिवसाला अठरा-वीस करायला लागला. पोरांना वाटलं आता पीसचा रेट पाडणार. दादाने पाडला नाही, आणि माझ्या मते या सगळ्यात त्याने घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय हाच. दुसरं म्हणजे आता माल आधी करून ठेवता येतो. पितृपक्षात कुणी नवीन किचन बसवत नाही, कारखाना पंधरा दिवस जवळजवळ रिकामा असायचा. आणि नवरात्र लागलं की दिवाळीपर्यंत झोप नाही. गेल्या वर्षी पितृपक्षात पोरांनी फक्त बास्केटा केल्या, चारही मापांच्या, छतापर्यंत.

अडचण आली ती मिस्त्रींची. आमचे वडील, अण्णा, सुतार होते. मिस्त्री त्यांच्या हाताखाली शिकलेले, आज साठीच्या पुढचे. अण्णा टेप फारशी वापरत नसत. एका बारीक काठीवर खुणा करून आणत आणि त्या काठीनेच लाकूड कापत. आकडा चुकायचा प्रश्नच नाही. मिस्त्री त्याच तालमीतले. कुठल्याही वाकड्यातिकड्या खणात हवाबंद बसेल अशी ट्रॉली करावी तर त्यांनीच. चार मापांचा निर्णय कळला तेव्हा ते म्हणाले, "मग आता माझं काय काम? सळया जिगमध्ये ठेवायला पोरं हायत की." आणि चार दिवस कामावर आले नाहीत.

मला इथून हे सगळं सोपं दिसत होतं. कागदावर मी एक माणूस कमी करून दाखवला असता. दादा मात्र त्यांच्या घरी गेला. कारण त्याला एक गोष्ट माझ्याआधी कळली होती. बास्केटा तयार मापाच्या झाल्या तरी भिंती काही सरळ झालेल्या नाहीत. सगळा वाकडेपणा आता दरवाजा आणि पॅकिंगमध्ये येणार, आणि तो तिथे नीट बसवायचा तर आधी माप अचूक हवं. पूर्वी माप घेणं हे जाता जाता करायचं काम होतं, आता तेच मुख्य काम झालं. मिस्त्री परत आले ते माप घेण्यासाठी. प्रत्येक खण वर, मध्ये आणि खाली, पुढून आणि मागून, सहा ठिकाणी मोजायचा. त्यातलं सर्वांत लहान माप बास्केटसाठी धरायचं. ओळंबा लावायचा. फरशी बसल्यावरच मोजायचं, आधी नाही.

त्यासाठी मी मोठ्या हौसेने एक फॉर्म बनवून पाठवला होता. सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. मिस्त्री इंच आणि सुतात मोजतात. इंचाचे आठ सूत. त्यांनी लिहिलं २०-३, म्हणजे वीस इंच तीन सूत. पुतण्याने कॉम्प्युटरवर ते २०.३ इंच धरून मिलिमीटर केले. फरक पडला जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण दोन दरवाजांमधली फटच मुळी तीन मिलिमीटरची. ती पाच दिसायला लागली आणि गिऱ्हाइकाने बरोबर पकडली. फॉर्म बदलला. आता त्यात इंचाची एक चौकट आणि सुताची एक चौकट आहे, आणि मिलिमीटर कॉम्प्युटर काढतो. शहाणपणा मी जर्मनीहून पाठवला होता, पण टेप मिस्त्रींच्या हातात होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रंगांचं वहिनींनी बघितलं. दुकानात सनमायकाचे जाडजूड कॅटलॉग, तीनशे-साडेतीनशे नमुने. जोडपं येऊन बसायचं, दोन तास पानं उलटायचं आणि "विचार करून सांगतो" म्हणून जायचं. मी वहिनींना निस्सानची गोष्ट सांगितली. या मोटार कंपनीकडे एके काळी ८७ प्रकारची स्टिअरिंग व्हील्स होती, त्यातली कितीतरी कुणाला नको होती, आणि एवढ्यांतून निवडायचा लोकांना कंटाळाच यायचा. वहिनी म्हणाल्या, "यासाठी जपानला कशाला जायला पाहिजे? साडीच्या दुकानात बसून बघा." त्यांनी गेल्या दोन वर्षांत खपलेले सोळा नमुने भिंतीवर लावले आणि कॅटलॉग टेबलाच्या खणात ठेवले. कुणी मागितले तर काढायचे. फार कमी लोक मागतात.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात एखादा फ्लॅट असेल, आणि आईवडिलांसाठी किंवा पुढे परत जाऊ म्हणून तिथलं किचन तुम्ही व्हॉट्सॲपवरून करून घेत असाल. फोटो पाठव, कोटेशन मागव, डिझाइन बघ. त्यांना दादाकडून आणि इथल्या कामावरून शिकलेलं थोडं सांगतो. बिल्डरच्या प्लॅनवरून ट्रॉल्या करू देऊ नका. माणूस पाठवून, फरशी आणि कडप्पा बसल्यानंतर, प्रत्येक खणाचं माप घ्यायला सांगा आणि तो कागद मागून घ्या. बास्केटा तयार मापाच्या आहेत का ते विचारा. असतील तर बरंच आहे, दहा वर्षांनी एखादी मोडली तर बाजारात तीच मिळेल. प्लायवूडवर आयएस ७१० हा शिक्का सिंकखाली तरी असावा, तो पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा असतो. आणि नवीन ओटा बांधून घेत असाल तर एक खण पूर्ण ६० सेंटिमीटरचा मोकळा ठेवा. आज डिशवॉशर नको असेल, पण उद्या आईचे गुडघे दुखायला लागले की घ्यावासा वाटतो, आणि तेव्हा कडप्पा एकवीस इंचावर रोवलेला असतो. दादाकडे दर महिन्याला असा एक तरी फोन येतो, आणि कडप्पा कापणं हे किचन करण्यापेक्षा महाग पडतं.

सीएनसी मशीन अजून घेतलेलं नाही. त्याऐवजी दादाने एक जुनं एज बँडिंग मशीन घेतलं, कारण काम बदलल्यावर अडत होतं ते दरवाजांच्या कडांवर, कापण्यावर नाही. पूर्वी हाताने पट्टी चिकटवायचे, ती वर्षभरात सुटायची. मोठं मशीन कधी ना कधी घ्यावं लागेल असं मला वाटतं. दरवाजे वाढले तर हाताने कापणं पुरणार नाही. दादाला तसं वाटत नाही. यावर आमचं दर रविवारी भांडण होतं.

मोठ्या ब्रँडची मॉड्युलर किचनची शोरूम आता सांगलीतही आहे. तिथे एसी आहे, कॉफी मिळते, स्क्रीनवर तुमचं किचन फिरवून दाखवतात. गिऱ्हाइकं तिकडे जातात, त्यातली काही परत येतात. ओटा आधीच बांधलेला असला आणि कडप्पे तोडायचे नसले की हमखास येतात. दादाचा धंदा आज मुख्यतः याच लोकांवर चालतो. नवीन इमारतींत कडप्पेच नसतील, सरळ डबे बसवायचे असतील, तेव्हा काय करायचं याचं उत्तर आम्हा दोघांकडेही नाही.

मागच्या आठवड्यात आणखी एका बिल्डरचा निरोप आला. साठ फ्लॅट. जुन्या बिल्डरकडचे पैसे अजून यायचेच आहेत, त्यामुळे वहिनींचा विरोध आहे. दादाने बिल्डरला सांगितलं, ऑर्डर घेतो, पण साठही फ्लॅटचे सगळे खण आमचा माणूस मोजणार, आणि मोजल्याशिवाय दरवाजे कापणार नाही. बिल्डर म्हणाला, "अहो, सगळे फ्लॅट सेम आहेत."

मिस्त्री सोमवारी सकाळी टेप आणि ओळंबा घेऊन साइटवर जाणार आहेत. पहिल्या मजल्यावरच्या चार फ्लॅटची मापं घेऊन येतील, मग ठरवू, असं दादा म्हणाला. मापं मी इंच-सुतातच मागवली आहेत.